दोनशे बारा क्रमांकाची झडप

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास शैलजा कोरवीला दोनशे बारा क्रमांकाच्या झडपेवर चीर दिसली.

चीर जेमतेम दोन मिलिमीटरची होती. झडपेच्या तीन पाकळ्यांपैकी एकीच्या कोपऱ्यात, पाकळी जिथे चौकटीला जोडलेली असते नेमकी तिथे. यंत्र झडपेची सेकंदाला पंधरा वेळा उघडझाप करायचं. इतक्या वेगात डोळ्याला नुसती थरथर दिसते, म्हणून स्ट्रोबचा दिवा लावायचा. तो जवळजवळ त्याच लयीत पण किंचित मागे राहून लुकलुकतो, आणि मग पाकळ्या संथपणे उघडताना नि मिटताना दिसतात. शैलजाने दिव्याची लय दोनदा बदलून पाहिली. चीर खरीच होती. मिटताना पाकळीचा तो कोपरा बाहेर दुमडत होता आणि तिथून पाण्याची बारीक धार मागे फिरत होती.

तिने फोटो काढले, गळतीचा आकडा नोंदवला, वेळ टाकली, सही केली. मग ती स्टुलावर बसून राहिली. दोनशे बारा क्रमांक म्हणजे तिचा नवरा होता.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चाचणी केंद्रात शैलजाला अठरा वर्षं झाली होती. ती लागली तेव्हा काम सोपं होतं. कारखान्यातून कृत्रिम झडपांची खेप यायची. त्यातल्या डझनभर झडपा सदतीस अंशांच्या खारट पाण्यात बसवायच्या आणि त्यांची वीस कोटी वेळा उघडझाप करायची. माणसाचं हृदय वर्षाला साधारण पावणेचार कोटी ठोके देतं, म्हणजे वीस कोटी ठोके हे झालं पाच-सव्वापाच वर्षांचं आयुष्य. यंत्र ते पाच महिन्यांत उरकायचं. झडपा टिकल्या की खेप पास. त्या कोणाच्या छातीत जाणार हे कोणाला ठाऊक नसे आणि कोणी विचारतही नसे.

पुढे नव्या पदार्थाच्या झडपा आल्या. रबरासारख्या लवचीक, रेशमासारख्या पातळ, आणि रुग्णाच्या हृदयाचं माप घेऊन छापलेल्या. प्रत्येक झडप वेगळी, त्यामुळे एकीच्या चाचणीवरून दुसरीची हमी देता येईना. त्यावर उपाय म्हणून जुळ्या झडपांची पद्धत निघाली. रुग्णासाठी झडप छापताना त्याच पदार्थाच्या, त्याच मापाच्या आणखी तीन छापायच्या. एक छातीत, तीन केंद्रात. छातीतल्या झडपेच्या चौकटीत तांदळाच्या कणीएवढा सेन्सर असतो. तो दर ठोक्याचा दाब रुग्णाच्या फोनवर पाठवतो आणि फोन तो केंद्राकडे. केंद्रातला पंप गेल्या नव्वद दिवसांतला तोच दाब, त्याच चढउतारांसह, तेरा पट वेगाने जुळ्या झडपांवर घालतो. जिना चढलात, भांडलात, ताप आला, सगळं इथे उमटतं. केंद्रातला एक महिना म्हणजे रुग्णाचं वर्षभराहून थोडं जास्तच. जुळी झडप रुग्णाच्या पुढे पुढे धावते, आणि ती फाटली की रुग्णाची झडप साधारण कधी फाटेल ते आधीच कळतं. तिन्हींपैकी दोन फाटल्या की केंद्र डॉक्टरांना कळवतं आणि डॉक्टर वेळ जायच्या आत झडप बदलतात.

मिरजेत ही पद्धत २०४३च्या जानेवारीत सुरू झाली. आधी शस्त्रक्रिया झालेल्या तीनशे रुग्णांच्या राखून ठेवलेल्या जुळ्या झडपा एकदमच यंत्रांवर चढल्या. रुग्णांची नावं केंद्राला कळत नसत, फक्त क्रमांक. आणि एक नियम होता: कोणत्याही कारणाने रुग्ण आपल्या नात्यातला आहे असं लक्षात आलं, तर लगेच सांगायचं आणि ती झडप दुसऱ्याच्या हवाली करायची.

शैलजाच्या हे फेब्रुवारीतच लक्षात आलं होतं.

महांतेश कोरवी क्लॅरोनेट वाजवायचा. वडिलांनी उभा केलेला बँडचा ताफा त्याने तीस वर्षं चालवला होता. क्लॅरोनेट वाजवणारा छातीत दम कोंडतो आणि बारीक फटीतून सोडतो. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब खाली येतो. श्वास घेतला की तो उसळून वर जातो. पुन्हा दम, पुन्हा उसळी. दोनशे बाराच्या आलेखावर रोज संध्याकाळी सहा ते आठ अशी कंगव्याच्या दातांसारखी ओळ उमटायची. जानेवारीच्या शेवटी पाच दिवस ती उमटली नाही. ते पाच दिवस महांतेशने दाढ काढली म्हणून वाद्याला हात लावला नव्हता. शैलजाने तो आलेख तीन वेळा पाहिला आणि कोणाला काही सांगितलं नाही. आपल्या माणसाचं हृदय आपल्या नजरेखाली आहे, यात कोणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं होतं.

आता तिने हिशोब केला. चाचणी सुरू होऊन तीन महिने झाले होते, म्हणजे महांतेशच्या छातीतली झडप सव्वातीन वर्षांची झाली की फाटणार. ती बसवून दोन वर्षं एक महिना झाला होता. उरलं एक वर्ष, फार तर चौदा महिने.

दुसरी जुळी फाटली की डॉक्टरांना पत्र जाणार. आणि पहिल्याच शस्त्रक्रियेत महांतेशचा रक्तस्राव थांबता थांबला नव्हता. तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. सर्जन तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "यांची छाती परत उघडायची वेळ न आलेली बरी."

एवढं सगळं त्या दोन मिलिमीटरमध्ये होतं. पण एक वाट होती. यंत्र दर आठवड्याला नवा दाब घेत असे. महांतेशने फुंकणं थांबवलं, तर हळूहळू कंगव्याचे दात आलेखातून जातील, उरलेल्या दोन जुळ्यांवरचा ताण कमी होईल आणि त्याच्या छातीतल्या झडपेवरचाही.

*

महांतेश दुपारी जयसिंगपूरची सुपारी वाजवून घरी आला. लाल कोट काढून त्याने खुर्चीच्या पाठीला लावला, वाद्याचे भाग सुटे करून पुसायला घेतले. लगीनसराई ऐन भरात होती, मे अखेरपर्यंत एकही तारीख मोकळी नव्हती.

"अहो," शैलजा म्हणाली, "आज डॉक्टरांचा फोन होता."

"मला न्हाई आला."

"मला केला. केंद्रात. म्हणाले, फुंकायचं काम बंद करा. झडपेवर ताण येतोय."

महांतेशने कापड खाली ठेवलं. "ऑपरेशन झालं तवा तर म्हणाले, चार महिन्यांनी वाजवा खुशाल."

"तेव्हा एवढी माहिती नव्हती. आता सेन्सरवरून दिसतंय."

"किती दिवस बंद?"

"कायमचं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. शैलजा खोटं बोलत नसे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि या एका गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता. त्यामुळे महांतेशला शंका आली नाही.

"हातातल्या सुपाऱ्यांचं काय करू?"

"चन्नापाला सांगा. तो वाजवेल की." चन्नापा म्हणजे त्याचा चुलतभाऊ, ताफ्यात ट्रम्पेटवर असायचा.

"चन्नापा वाजवंल," महांतेश म्हणाला. थोड्या वेळाने त्याने तोंडाशी बसणारी रीड काढून डबीत ठेवली, वाद्य पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर चढवली. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

*

मे संपेपर्यंत कंगव्याचे दात बुटके झाले. जुलैच्या मध्यावर नाहीसे झाले. उरलेल्या दोन्ही जुळ्या शाबूत होत्या. एकीच्या कोपऱ्यात मार्चमध्ये थोडा ताण दिसत होता, तोही वाढायचा थांबला. शैलजा दर सोमवारी स्ट्रोबखाली पाहायची आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडायची.

आलेखात आणखी काही दिसत होतं. पूर्वी महांतेशचं हृदय दिवसातून पाचसहा वेळा जोर धरायचं. पहाटे चालताना, दुपारी ताफ्यातल्या माणसांशी हुज्जत घालताना, संध्याकाळी वाजवताना. आता दिवसभर एकच सपाट रेघ. तो सकाळी उशिरा उठायचा. चन्नापा काही विचारायला आला तर "तुला योग्य वाटंल ते कर" म्हणायचा. ताफ्याने वरातीत कोणती गाणी घेतली हे विचारायचाही नाही. झोपेतले ठोके मिनिटाला साठ होते, ते अडुसष्ट झाले. हे चांगलं लक्षण नव्हतं, शैलजाला कळत होतं. पण रेघ सपाट होती आणि पाकळी शाबूत होती.

एकदा जेवताना तो म्हणाला, "परवा डॉक्टर भेटले बाजारात. मी नमस्कार केला. म्हणाले, काय मास्तर, वाजवणं कसं चाललंय?"

शैलजाचा घास हातात राहिला. "मग?"

"मी म्हणालो, बरं चाललंय." त्याने ताकाची वाटी तोंडाला लावली. शैलजाने त्याला आणखी भात वाढला.

*

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात केंद्रात एक बरणी आली.

एखाद्या रुग्णाची झडप बदलली की काढलेली झडप द्रावणात घालून केंद्राकडे पाठवायची असते, जुळ्यांशी ताडून पाहायला. आतापर्यंत चार रुग्णांच्या झडपा बदलल्या होत्या, पण तीन बरण्या कारखान्याकडे गेल्या होत्या. मिरजेत आलेली ही पहिलीच. क्रमांक सत्तेचाळीस. त्याच्या दोन जुळ्या मार्चमध्येच फाटल्या होत्या. त्यांचा अहवाल शैलजाच्याच सहीने गेला होता.

तिने झडप धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्या वयाला जुळ्यांचे कोपरे अकरा टक्के ताणले गेले होते. याही झडपेचे तेवढेच किंवा थोडेसे कमी निघायला हवे होते. तिने पहिला कोपरा मोजला. एक टक्क्याच्या आत. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. पाकळ्या पारदर्शक, कडा गुळगुळीत. कालच छापल्यासारखी झडप होती.

तिने क्रमांक पुन्हा तपासला. मग शेजारच्या टेबलावरच्या सादिक पटवेगारला बोलावलं. सादिक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मोजमापात हात पक्का.

"जरा मोज. मी काय आकडे काढलेत ते विचारू नकोस."

सादिकने मोजून आकडे वाचले. तेच होते. "शैलजाताई, ही झडप का काढली?" त्याने विचारलं.

शैलजा केंद्राच्या प्रमुख डॉ. अनघा फडतरे यांच्या खोलीत गेली. मॅडमनी आकडे पाहिले, चष्मा काढला.

"मॅडम, या पेशंटची दुसरी शस्त्रक्रिया कशी झाली?"

"चौथ्या दिवशी गेले," मॅडम म्हणाल्या. "वयही होतं, फुप्फुसं कमजोर होती. झडप फाटून अचानक जाण्यापेक्षा तो धोका पत्करलेला बरा, असं सगळ्यांचं मत पडलं."

"झडप चांगली होती."

"मला वाचता येतंय, शैलजा."

मग शैलजाने मे महिन्यातली एक नोंद उघडून दाखवली. सबस्टेशनच्या दुरुस्तीसाठी एका रविवारी आठ तास वीज बंद होती. सोमवारी काही झडपांची गळती शनिवारपेक्षा कमी भरली होती. वापरल्यावर झडप सुधारते असं कधी होत नाही, म्हणून शैलजाने शेरा मारला होता: 'मापकात किरकोळ फरक.' आणि विषय सोडून दिला होता. आता ते क्रमांक तिने पुन्हा काढले. सत्तेचाळीसची उरलेली जुळी त्यात होती. दोनशे बाराच्याही दोन होत्या.

तिला हळूहळू उलगडत गेलं. हा पदार्थ ताणला की लगेच मूळ जागी येत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. साध्या ठोक्यांना ताण इतका कमी असतो की वेगाने फरक पडत नाही. पण कोणी खोकत असेल, फुंकत असेल, जड उचलत असेल, तर दाबाच्या उसळ्या एकीमागून एक येतात आणि पाकळी जरा जास्त ताणली जाते. माणूस मग थांबतो. पाणी पितो, गप्पा मारतो, झोपतो. त्या तासादोन तासांत पाकळी पूर्ववत होते. यंत्रात तोच तास पाच मिनिटांत संपतो. पाकळी सावरायच्या आत पुढची उसळी येऊन आदळते. ताणावर ताण साचतो आणि कोपरा फाटतो. यंत्राने ठोके बरोबर मोजले होते. ठोक्यांमधली विश्रांती मात्र तेरा पट कापली होती.

"म्हणजे सगळ्यांच्या नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "फक्त अशा लोकांच्या जुळ्या लवकर फाटल्या."

"हो. आणि नेमकी त्यांचीच पत्रं डॉक्टरांकडे गेली."

मॅडमनी यादी काढली. नऊ रुग्णांच्या शस्त्रक्रिया ठरलेल्या होत्या. पहिली येत्या गुरुवारी.

"एका झडपेवरून सगळं थांबवायचं? उद्या त्यांतली एखादी खरंच फाटली तर?" मॅडम तिला विचारत नव्हत्या, स्वतःलाच विचारत होत्या. "शैलजा, तीनशे लोक या केंद्राच्या शब्दावर झोपतात."

"मॅडम, मला आणखी एक सांगायचंय," शैलजा म्हणाली. आणि तिने दोनशे बाराबद्दल सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं सगळं. डॉक्टरांच्या नावाने सांगितलेल्या खोट्यासकट.

मॅडमनी यादी बाजूला सारली. शेवटी म्हणाल्या, "हे मला लेखी द्यावं लागेल."

"देते."

"तुम्हाला या विभागातून जावं लागेल."

"ठीक आहे. पण गुरुवारची शस्त्रक्रिया थांबवा."

मॅडमनी फोन उचलला.

*

त्याच दिवशी शैलजा चार वाजता घरी आली. महांतेश गॅलरीत बसला होता. ती त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली आणि सरळ सांगायला लागली. चीर, चौदा महिन्यांचा हिशोब, डॉक्टरांचा न आलेला फोन, बरणी, सत्तेचाळीस क्रमांक, विजेची नोंद. ती केंद्रात अहवाल देते तसं एकापुढे एक सांगत गेली, कारण दुसऱ्या कोणत्या पद्धतीने तिला सांगता आलं नसतं.

महांतेशने ऐकून घेतलं.

"डॉक्टर बाजारात भेटले तवाच मला कळलं, फोन त्यांनी केला नव्हता म्हणून," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो, कवा सांगतीस."

"मग विचारलं का नाही?"

"तू खोटं बोललीस म्हणजे कायतरी लई मोठं असणार. भ्यालो मी." त्याने कठड्यावर हात टेकला. "तीन म्हैने मी ह्या खुर्चीत बसून मरायची वाट बघितली, शैला. तू तिकडं माझं हृदय बघत होतीस आणि मी हितं."

शैलजाने खुर्ची आणखी जवळ ओढली.

"मला आधी विचारलं असतंस तर मी वाजवलंच असतं. हे तुला ठावं होतं, म्हणून विचारलं न्हाईस."

"हो," ती म्हणाली.

तो उठून आत गेला. आता तो पेटी खाली काढणार असं तिला वाटलं. पण तो पाणी पिऊन परत आला आणि दारात उभा राहिला.

"त्या सत्तेचाळीसच्या घरी कोण सांगणार?"

"केंद्राची चौकशी समिती पत्र पाठवेल."

"पत्र," महांतेश म्हणाला.

*

सत्तेचाळीस क्रमांकाचं नाव चौकशीत उघड झालं: बाळासो मगदूम, सांगलीच्या हळदीच्या गिरणीत चाळीस वर्षं कांडपावर. पंधरा दिवसांनी डॉ. फडतरे मगदुमांच्या घरी जायला निघाल्या. शैलजाने सोबत येण्याची परवानगी मागितली, आणि महांतेश न विचारताच गाडीत येऊन बसला.

बाळासोंच्या पत्नी कांचनबाईंनी तिघांना पाणी दिलं. मॅडमनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. नुकसानभरपाईचा, तक्रारीचा मार्ग सांगितला. कांचनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हंजे काढलेली झडप चांगली होती," त्या म्हणाल्या.

"हो," शैलजा म्हणाली. "मी मोजली. आणि ती खराब होणार असा अहवालही मीच दिला होता."

कांचनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, पण मायेनेही नव्हे. "ह्यांना खोकल्यानं झडप जाती म्हणून सांगितलं हुतं. शेवटचे दोन म्हैने खोकलायला भ्यायचे. उबळ आली की तोंडावर उशी धरायचे. मी म्हणायची, खोका हो मोकळे. तर मान हलवायचे नुसती."

मग महांतेश म्हणाला, "वहिनी, माझ्याबी छातीत तीच झडप हाय. मलाबी तेच सांगितलं हुतं."

"तुमी काय करता?"

"क्लॅरोनेट वाजवतो."

"वाजवता अजून?"

"बंद होतं."

कांचनबाईंनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्या उठल्या. "माझ्या म्हशीची धारंची वेळ झाली," असं म्हणून त्या मागच्या दाराने गेल्या. तिघे आणखी थोडा वेळ बसले आणि बाहेर पडले.

*

नऊही शस्त्रक्रिया थांबल्या. पुढच्या दोन महिन्यांत चाचणीची पद्धत बदलली. उसळ्यांच्या प्रत्येक झुंडीनंतर यंत्र खऱ्या माणसाइतकाच वेळ संथ चालायचं. त्यामुळे जुळी झडप आता रुग्णाच्या तेरा पट पुढे धावत नव्हती, जेमतेम चौपट. कारखान्याने कुरकुर केली. डॉ. फडतरे यांनी ऐकलं नाही. शैलजावर ठपका आला, एक वेतनवाढ रोखली गेली आणि तिची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली. तिथे नव्या झडपा बसवायच्या आधी एकदाच तपासायच्या असत: किती उघडते, किती गळते, दाब किती पडतो. त्यांना क्रमांक असत, पण आलेख नसत.

महांतेशला मॅडमनी केंद्रात बोलावून घेतलं. कायद्याने त्याला जुळ्या झडपांची चाचणी बंद करायला सांगता येत होतं, तसा अर्ज समोर होता. पण मॅडमनी आणखी एक सांगितलं. नवी पद्धत बरोबर आहे का हे पडताळायला दाबाच्या उसळ्या येणारे रुग्ण हवे आहेत. खोकणारे आहेत, ओझं उचलणारे आहेत. फुंकणारा मात्र तीनशेंत एकटाच आहे.

महांतेशने अर्ज दोनदा वाचला.

"चालू ठेवा," तो म्हणाला. "पण जे काय निघंल ते डॉक्टरला सांगा. आमच्या घरी येता कामा नये. मलाबी नको, हिलाबी नको. डॉक्टर मला बोलावतील तवा बघू."

त्याला वाजवायला बसायला मात्र वेळ लागला. इतक्या महिन्यांत ओठ गेला होता. पहिल्या दिवशी एक सूर तीन सेकंदांच्या वर टिकेना, बाजूने हवा निसटायची. तो रोज सकाळी नुसते लांब सूर काढायचा, गाणं नाही, चाल नाही. शैलजा स्वयंपाकघरात असायची. सुरुवातीला ती प्रत्येक सुरासोबत मनात दाब मोजायची: आता खाली आला असेल, आता उसळला असेल. ते थांबवायला तिला महांतेशच्या ओठाहून जास्त दिवस लागले. त्या दोघांत बोलणं पूर्वीसारखं झालं नव्हतं. तो काही विचारायच्या आधी एक क्षण थांबायचा, जणू उत्तर खरं येईल की नाही याचा अंदाज घ्यायचा. ती त्याला दोष देत नव्हती.

मार्गशीर्षात त्याने कवठे महांकाळला पहिली सुपारी वाजवली. मधली दोन गाणी चन्नापाने घेतली. महांतेश घरी आला तो घामाघूम होऊन, पण ताफ्यातल्या माणसांना शिव्या देत. नव्या ढोलवाल्याचा हात जड पडतोय, हे त्याने जेवण होईपर्यंत सांगितलं.

पुढच्या मार्चमधली गोष्ट. शैलजा दुसऱ्या मजल्यावर झडपा लावत होती. जिन्यावर पावलं वाजली आणि सादिक दारात आला. दोनशे बारा आता त्याच्याकडे होती. तो धापा टाकत होता, म्हणजे जिना भरभर चढला होता. हातात काही नव्हतं. चेहरा असा, की त्यावरून आनंद की काळजी हे सांगता येऊ नये. सादिकचा चेहरा नेहमीच तसा असे.

"शैलजाताई," तो म्हणाला, "नियमात बसत नाही, पण तुम्हाला एक..."

"सांगू नकोस," शैलजा म्हणाली.

तो थांबला. "चांगलं असलं तरी?"

तिचे हात ओले होते. ती ते कोरड्या फडक्याला बराच वेळ पुसत राहिली. खाली उतरून गेलं तर चाळीस पावलांवर ते यंत्र होतं. स्ट्रोबचा दिवा, तीन पाकळ्या, कोपरे. एका नजरेत तिला सगळं कळलं असतं.

"तरी," ती म्हणाली. "त्यांनी नको म्हटलंय."

सादिक थोडा वेळ दारात उभा राहिला आणि खाली गेला. शैलजाने पुढची झडप उचलली, उजेडाकडे धरली आणि किती उघडते ते पाहायला यंत्रात बसवली.